मोखाड्यातल्या घरच्या सर्व्हरवर बिल्ड पोहोचवायचाय? एकही पोर्ट न उघडता!

मोखाड्यासारख्या ठिकाणी सिमकार्डच्या राउटरवर घरी छोटा सर्व्हर चालवला, की पहिली अडचण पत्त्याची येते. मोबाइल कंपन्या बहुधा अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी देतात. त्यामुळे गिटहब ॲक्शन्सवर तयार झालेला बिल्ड बाहेरून थेट घरात येऊ शकत नाही.

उपाय सोपा आहे. टेलस्केलसारख्या खासगी नेटवर्कमध्ये सर्व्हर स्वतःच आतून बाहेर जोडला जातो आणि बिल्ड करणारे मशीनही त्याच नेटवर्कमध्ये येते. टेलस्केलचा पाया आहे वायरगार्ड हा व्हीपीएन प्रोटोकॉल, जो २०२० मध्ये लिनक्स ५.६ च्या कर्नलमध्ये आला.

मात्र हे चार नियम पाळाच:

🔹 बिल्डचे मशीन तात्पुरते म्हणून जोडा. काम संपले की ते नेटवर्कमधून आपोआप निघते.
🔹 त्याला टॅग द्या आणि लागणारा सर्व्हर व पोर्ट एवढीच परवानगी ठेवा.
🔹 कायमची की साठवू नका. ओआयडीसीने थोडा वेळ चालणारे टोकन घ्या.
🔹 दुसऱ्यांची ॲक्शन पूर्ण कमिट हॅशने पक्की करा. मार्च २०२५ मध्ये 'टीजे-ॲक्शन्स'च्या एका ॲक्शनचे व्हर्जन टॅग हल्लेखोरांनी बदलले आणि अनेकांची गुपिते लॉगमध्ये उघडी पडली.

आजच आपली वर्कफ्लो फाइल उघडा आणि जुन्या कीज रद्द करा.