मोटारीच्या पुढच्या चाकाचा आर्म

वाराणसीच्या रस्त्यांवर एके काळी एक्का हेच सर्वसामान्यांचे वाहन होते. एक घोडा, दोन मोठी चाके आणि त्यांवर बसविलेली एक छत्रीदार बैठक. मध्ये स्प्रिंग नाही. रस्त्यावरील प्रत्येक उंचवटा चाकातून आखात, आखातून बैठकीत आणि बैठकीतून प्रवाशाच्या मणक्यात थेट पोहोचत असे. एक्क्यात बसणारा मनुष्य धक्के सोसण्याचे जे काम आपल्या कमरेने करी, ते मोटारीत यंत्राकडे सोपविलेले असते.

हे काम वरवर दिसते तितके सोपे नाही. चाकाला वर-खाली होण्याची मोकळीक हवी. परंतु त्याच वेळी ते आत-बाहेर सरकता कामा नये, पुढे-मागे हलता कामा नये, आणि पुढचे चाक असल्यास चालकाच्या इच्छेप्रमाणे डावी-उजवीकडे वळलेही पाहिजे. एका दिशेने स्वातंत्र्य आणि इतर दिशांनी बंधन, अशी ही परस्परविरोधी मागणी आहे. स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर हे स्वातंत्र्याची बाजू सांभाळतात व त्यांची नावे सर्वांच्या परिचयाची असतात. बंधनाची बाजू सांभाळणारा भाग मात्र गाडीच्या पोटाखाली चिखलात दडलेला असतो. तो म्हणजे पुढच्या चाकाचा बाहू. कारखान्यात त्यास ‘आर्म’ म्हणतात. येथेही तोच शब्द वापरला आहे.

मुंबईत कुर्ला येथे तयार होणाऱ्या जुन्या फियाट मोटारीत प्रत्येक पुढच्या चाकास असे दोन आर्म असत, एक वर व एक खाली. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने ही रचना साधी केली. स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर यांचा एकच उभा खांब करून त्याने तो वर गाडीच्या सांगाड्यास जोडला, आणि वरच्या आर्मची गरजच नाहीशी केली. फोर्ड कंपनीच्या इंग्लंडमधील कॉन्सल व झेफायर या मोटारींतून १९५० साली ही रचना लोकांपुढे आली. जागा व वजन वाचत असल्याने लहान मोटारींना ती विशेष मानवली. १९८३ साली भारतात अवतरलेल्या मारुती ८०० या मोटारीत हीच रचना होती. २०१४ साली तिचे उत्पादन थांबले, तथापि आजच्या बहुतेक लहान मोटारींची पुढची चाके याच पद्धतीने बसविलेली असतात. म्हणजे चाकाचे खालचे टोक जागेवर धरून ठेवण्याचे सारे काम आता एकाच खालच्या आर्मवर येऊन पडले आहे.

आर्म स्वतः पोलादी असतो आणि एखादा जबर अपघात वगळता तो सहसा मोडत नाही. झिजतात ते त्याच्या दोन्ही टोकांचे सांधे. आतल्या टोकास, जेथे तो गाडीच्या सांगाड्यास जोडलेला असतो, तेथे रबरी बुश असतात. बाहेरच्या टोकास बॉल जॉइंट असतो: एका वाटीत बसविलेला पोलादी गोळा, त्याभोवती ग्रीस, आणि ग्रीस आत व धूळ बाहेर राहावी म्हणून वर चढविलेली रबरी टोपी. मनुष्याच्या खांद्याच्या सांध्याशी याचे साम्य आहे. त्यामुळेच चाक एकाच वेळी वर-खाली होऊ शकते आणि वळूही शकते.

रबरी बुशाविषयी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. बिजागरीत जशी एक नळी दुसरीत फिरते, तसे येथे काहीच फिरत नाही. बुशाच्या मधल्या लोखंडी नळीस बोल्टने घट्ट आवळलेले असते, बाहेरची नळी आर्ममध्ये ठोकून बसविलेली असते, आणि दोहोंमधील रबर चिकटून जागच्या जागी पीळ खाते. आर्म वर गेला की रबर एका अंगास पिळले जाते, खाली आला की दुसऱ्या. त्यामुळे तेथे तेल लागत नाही व आवाजही होत नाही. परंतु पिळण्याला मर्यादा असते. या एका गोष्टीवर दुरुस्तीचे यशापयश कसे अवलंबून असते, ते पुढे येईलच.

वाराणसीसारख्या शहरात हे सांधे का झिजतात? वेग हे त्याचे कारण नव्हे. घाटांजवळच्या जुन्या गल्ल्यांत तर मोटार शिरूच शकत नाही. यात्रेकरू गोदौलियाच्या आसपास उतरून पायी निघतात. परंतु लंकेपासून गोदौलियापर्यंतच्या गर्दीत मोटारीस पावलोपावली थांबावे व निघावे लागते. ब्रेक दाबला की रस्ता चाकास मागे ढकलतो. इंजिनाची शक्ती पुढच्याच चाकांना मिळत असल्याने निघताना तेच चाक गाडीस पुढे ओढते. म्हणजे बुशातील रबर एकदा मागे दाबले जाते, एकदा पुढे ताणले जाते, आणि असे दिवसातून शेकडो वेळा घडते. त्यात उन्हाळ्याची उष्णता व इंजिनातून गळणारे तेल यांची भर पडली म्हणजे रबर कडक होते, त्यास भेगा जातात आणि शेवटी ते नळीपासून सुटते. बॉल जॉइंटचा शत्रू वेगळा आहे. गंगेच्या खोऱ्यातील माती ही नद्यांनी वाहून आणलेला गाळ होय, आणि त्यात गारेचे अतिसूक्ष्म व अतिकठीण कण असतात. रबरी टोपीस चीर पडली की पावसाळ्यात साचलेले गढूळ पाणी आत शिरते, आणि ग्रीस व गाळ मिळून असे मिश्रण बनते की गोळा प्रत्येक हालचालीत आपलीच वाटी घासू लागतो.

झिजेची चिन्हे हळूहळू प्रकट होतात. गतिरोधकावरून सावकाश जाताना खालून ‘खट्’ असा आवाज येतो. ब्रेक दाबताना किंवा क्लच सोडताना एकच ठोका ऐकू येतो. मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग सरळ धरले असतानाही गाडी किंचित भरकटते. ब्रेक लावताच एका बाजूस ओढ घेते. टायर बाहेरून धडका दिसतो, पण हात फिरविला तर आतली कड झिजलेली लागते. यांतील एकही चिन्ह केवळ आर्मचेच असते असे नाही, आणि खरी अडचण येथेच आहे. पत्र्याच्या सांगाड्यातून आवाज दूरवर जातो. डाव्या चाकाचा ठोका उजव्या पायाखाली वाजल्यासारखा भासतो. अशा वेळी पुष्कळ ठिकाणी प्रथम शॉक अब्सॉर्बर बदलले जातात, मग स्टिअरिंगचे सांधे, आणि सर्वांत शेवटी आर्म. मालकाचा खर्च तिप्पट होतो. अर्ध्या तासाची पद्धतशीर तपासणी हा खर्च बहुधा टाळू शकते.

गाडी जमिनीवर उभी असतानाच पहिली परीक्षा घ्यावी. पुढचा कोपरा हाताने जोराने दाबून सोडावा. गाडी एकदा उसळून स्थिर झाली तर शॉक अब्सॉर्बर बरा आहे. दोन-तीन वेळा डोलत राहिली तर दोष तेथे असण्याचा संभव अधिक. मग सपाट जमिनीवर हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना अडण लावून पुढचा भाग जॅकने उचलावा आणि मजबूत स्टँडवर टेकवावा. केवळ जॅकच्या भरवशावर किंवा विटांवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. वीट पूर्वसूचना न देता फुटते.

आता लटकते चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळातील बारा व सहाच्या जागी, धरून हलवावे. खेळ जाणवल्यास तो बॉल जॉइंटचा असेल किंवा चाकाच्या बेअरिंगचा. दोहोंतील भेद ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे: दुसऱ्या माणसास ब्रेक दाबून धरण्यास सांगावे व चाक पुन्हा हलवावे. खेळ नाहीसा झाला तर तो बेअरिंगचा होता; तसाच राहिला तर दृष्टी बॉल जॉइंटकडे वळवावी. चाक नऊ व तीनच्या जागी धरून हलविल्यावरच खेळ जाणवत असेल, तर संशय स्टिअरिंगच्या दांडीच्या सांध्यावर घ्यावा. मॅकफर्सन रचनेत गाडीचा भार उभ्या खांबावर असतो, म्हणून चाक लटकते ठेवून केलेली ही परीक्षा पुरेशी ठरते. ज्या गाड्यांत स्प्रिंग खालच्या आर्मवर टेकलेली असते, त्यांत मात्र जॅक आर्मखालीच लावावा लागतो. एरवी स्प्रिंगच्या दाबाने सांधा आवळलेला राहतो आणि झिजलेला असूनही निर्दोष वाटतो.

बुशाची परीक्षा लहान पहारीने होते. आर्म आणि सांगाडा यांच्यामध्ये पहारीचे टोक घालून हलकेच उचकावे. रबर थोडे दबणारच. तो दोष नव्हे. परंतु आर्म सैलपणे मागे-पुढे सरकत असेल, लोखंडावर लोखंड आपटत असेल, किंवा रबर व नळी यांच्यामध्ये फट उघडत असेल, तर त्या बुशाचे आयुष्य संपले. मारुती ८०० मध्ये आर्म एकेरी आडव्या दांडीसारखा असून त्यास पुढे-मागे हलू न देण्याचे काम स्टॅबिलायझर बार करतो. तेथे त्या बारचे रबरही याच वेळी पाहावे.

बुशाची झीज त्रासदायक खरी, पण ती सहसा दिवसगत देते. बॉल जॉइंटची गोष्ट निराळी आहे. वाटी फार झिजली म्हणजे गोळा एखाद्या खड्ड्यात किंवा वळणावर तिच्यातून निसटू शकतो. मग चाकाचे खालचे टोक मोकळे होते, चाक कलंडते, गाडीचा तो कोपरा रस्त्यावर टेकतो आणि स्टिअरिंग निरुपयोगी होते. म्हणून बॉल जॉइंटमध्ये स्पष्ट खेळ आढळल्यास ‘पुढच्या महिन्यात पाहू’ म्हणणे योग्य नाही.

आर्म बदलण्याचे काम अवजड नसले तरी क्रमाने करावे लागते. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करावेत. चाक काढल्यावर बॉल जॉइंट सोडवावा. काही गाड्यांत त्याची दांडी एका आडव्या बोल्टने आवळलेली असते. हा बोल्ट दांडीच्या खाचेत बसत असल्याने तो नुसता ढिला करून भागत नाही, पूर्ण काढावा लागतो. इतर गाड्यांत निमुळती दांडी छिद्रात घट्ट रुतलेली असते व वर नट आणि स्प्लिट पिन असते. अशी दांडी सोडविण्यासाठी पुलर वापरावा. तो नसल्यास छिद्राभोवतालच्या लोखंडावर बाजूने हातोडीचा नेमका ठोका द्यावा. दांडीच्या आट्यांवर ठोकल्यास आटे मरतात आणि काम दुप्पट होते. स्टॅबिलायझर बार सोडविताना दोन्ही चाके लटकती असावीत, कारण एकच बाजू उचललेली असल्यास बार पीळ खाऊन ताणलेला राहतो. त्याच्या वाटीदार वॉशरांचा क्रम व तोंडाची दिशा आधी ध्यानात ठेवावी. शेवटी आतला बोल्ट काढला की आर्म हाती येतो. जुना व नवा आर्म शेजारी ठेवून लांबी आणि छिद्रे जुळतात की नाही हे पाहावे. दुकानातून डाव्याऐवजी उजवा आर्म येणे ही काही दुर्मीळ घटना नव्हे.

नवा आर्म बसविताना बॉल जॉइंट प्रथमच पूर्ण आवळावा. स्प्लिट पिनचे छिद्र जुळत नसेल तर नट किंचित पुढे आवळावा, मागे फिरवू नये. पिन व स्वतः अडकून राहणारे नट नवे घालावेत. आतल्या बुशाचा बोल्ट मात्र या वेळी केवळ हातघाईने लावून सोडावा. बहुतेक चुका येथे होतात. लटकते चाक आपल्या नेहमीच्या जागेपेक्षा खाली असते. आर्म ३० सेंटिमीटर लांब आणि चाक ८ सेंटिमीटर खाली आले आहे असे धरले, तर आर्म सुमारे १५ अंशांनी खाली फिरलेला असतो. त्या स्थितीत बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर येताच रबरास कायमचा १५ अंशांचा पीळ बसतो. ओला पंचा पिळून तसाच बांधून ठेवावा, तशी त्या बुशाची अवस्था होते. पुढचा प्रत्येक धक्का त्या पिळात भर घालतो आणि नवे रबर अकाली फाटते. लोक मग मालास दोष देतात. यास्तव चाक चढवून गाडी खाली उतरवावी, थोडी पुढे-मागे ढकलून तिला आपल्या स्वाभाविक उंचीवर बसू द्यावे, आणि त्यानंतरच आतला बोल्ट दुरुस्ती पुस्तिकेत सांगितलेल्या जोराइतका टॉर्क पान्याने आवळावा. स्टँडऐवजी चाकाखाली उताराचे फलक असल्यास खाली शिरणे सोयीचे होते.

दोन्ही बाजूंचे आर्म एकदम बदलावेत काय? तसा नियम नाही. दोन्ही आर्म सारखेच अंतर चाललेले असतात, म्हणून दुसरा तितक्याच काटेकोरपणे तपासावा. तो निर्दोष आढळल्यास काढून टाकण्याचे कारण नाही.

चाकांच्या दिशेची मापणी, म्हणजे अलाइनमेंट, मात्र टाळू नये. १२ इंची चाकाचा व्यास सुमारे ३० सेंटिमीटर. त्या अंतरात चाकाची पुढची कड केवळ २ मिलिमीटर आत वळलेली असेल, तर दर किलोमीटरमागे टायर सुमारे साडेसहा मीटर आडवा घासला जातो. जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ वाराणसीपासून निघून जबलपूर व नागपूरमार्गे कन्याकुमारीपर्यंत जात असे. २०१० मध्ये महामार्गांचे क्रमांक बदलले, पण नागपूरहून काशीस मोटारीने जाणारे आजही बहुतांशी याच वाटेने जातात. हा प्रवास सुमारे ७५० किलोमीटरांचा आहे. दोन मिलिमीटरांची ती चूक घेऊन निघालेल्या मोटारीचा टायर काशीस पोहोचेपर्यंत जवळजवळ ५ किलोमीटर आडवा फरफटलेला असतो.

मापणी झाल्यावर गाडी त्याच गतिरोधकावरून, त्याच वेगाने आणि खिडक्या उघड्या ठेवून न्यावी, जेथे पूर्वी ठोका ऐकू येत असे. काहीशे किलोमीटर चालल्यानंतर सर्व नट एकदा पुन्हा तपासावेत, आणि त्याच वेळी टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवून पाहावा.