ऐकूं येतें, पण समजत नाहीं

घरांतील वडीलधारें माणूस म्हणतें, ‘तुम्ही सारे हल्लीं पुटपुटतां.’ घरचीं माणसें म्हणतात, ‘यांना हवें तेवढेंच ऐकूं येतें.’ दोन्ही पक्ष प्रामाणिक असतात, आणि दोघांचेंही निदान चुकलेलें असतें. हा तंटा स्वभावाचा नसून बहुधा ध्वनिशास्त्राचा असतो. आणि तेंच शास्त्र श्रवणचिकित्सेच्या विद्यार्थ्याला प्रथम शिकावें लागतें.

ध्वनि म्हणजे हवेचें कंपन. तें कानाच्या पडद्यावर आदळतें, हातोडा, ऐरण व रिकीब या तीन इवल्या हाडांतून पुढें जातें आणि शंखाकृति अंतःकर्णांत शिरतें. तेथील द्रवांत उठणारी लाट प्रत्येक स्वरासाठीं ठराविक जागीं उंचावते, हें जॉर्ज फॉन बेकेशी यांनीं दाखविलें. त्यांना १९६१ चें नोबेल पारितोषिक मिळालें. उंच स्वरांची जागा शंखाच्या दाराशीं, खर्जाची अगदीं आंत. वय असो कीं गोंगाट, पहिला घाव बहुधा दाराकडील केशपेशींवर पडतो. आणि माणसाच्या कानांत या पेशी पुन्हां उगवत नाहींत.

आतां भाषेकडे पाहावें. अ, आ, ओ हे वर्ण खालच्या पट्टींतले व जोरकस. स, श यांची सळसळ उंच पट्टींतली व क्षीण. म्हणून आवाज पोंचतो, पण शब्द पोंचत नाहीं. ‘साठ’ कीं ‘पाठ’ हें संदर्भावरून ताडावें लागतें. ओरडल्यानें जोरकस वर्णच अधिक फुगतात. समोर बसून, सावकाश व स्पष्ट बोलण्यानें अधिक साधतें.

अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, येथें १९४८ पासून चिलखती दळाचें शिक्षणकेंद्र आहे. रणगाड्याची घरघर त्या शहराला नवी नाहीं. श्रवणचिकित्सेचें स्वतंत्र शास्त्रही अशाच युद्धयंत्रांच्या काळांत आकाराला आलें. दुसऱ्या महायुद्धांत ऐकण्याची शक्ति गमावून परतलेल्या सैनिकांसाठीं अमेरिकेंत खास रुग्णालयें चालविलीं गेलीं; तेथें रेमंड कारहार्ट प्रभृतींनीं श्रवणमापन व श्रवणयंत्राची निवड यांना शास्त्रशुद्ध शिस्त लावली. महाराष्ट्रांत वांद्रे येथें १९८३ सालीं स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेंत हें शिक्षण दिलें जातें.

परीक्षा दिसावयास साधी असते. निःशब्द खोलींत रुग्णाला २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकवितात आणि प्रत्येक स्वर किती मंद असतां ऐकूं येतो, हें आलेखावर मांडतात. नंतर कानामागील हाडावर कंपक ठेवून तीच परीक्षा होते. हाडावाटे नीट ऐकूं आलें व हवेवाटे नाहीं, तर अडथळा बाह्य किंवा मध्य कर्णांत. दोन्ही वाटा सारख्याच मंदावल्या, तर दोष अंतःकर्णाचा अथवा मज्जातंतूचा. गोंगाटाचा घाव आलेखावर बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास खांच पाडतो.

डेसिबेलचें गणित मात्र फसवें आहे. तीन डेसिबेल वाढले कीं ध्वनीची शक्ति सुमारें दुप्पट होते. ८५ डेसिबेलांत रोज आठ तास ही सावधगिरीची मर्यादा धरली, तर ८८ ला चारच तास उरतात आणि १०० ला अवघीं पंधरा मिनिटें. साखर कारखान्यांतील कामगारानें, तसेंच वरातींत ध्वनिक्षेपकाशेजारीं नाचणाऱ्या तरुणानें, हा हिशेब आजच करावा; कारण खांच पडतांना दुखत नाहीं. आणि घरांत ‘पुटपुटतां’ ही तक्रार ऐकूं येऊं लागली, तर वादाऐवजीं श्रवणपरीक्षा करून घ्यावी.