यंत्रांच्या पोटात (लेखांक ७) : ६८ नंबरला राहतं कोण?

गेल्या आठवड्यात आपण वीज चालू झाल्यापासून कर्नल मेमरीत येईपर्यंतचा प्रवास पाहिला. कर्नल आला खरा, पण आपल्याला काय काय जोडलेलं आहे हे त्याला कोण सांगणार?

पेणच्या भोगावतीची किंवा रोह्याच्या कुंडलिकेची पाणीपातळी नोंदवणारी एक छोटी पेटी डोळ्यांसमोर आणा. आत रास्पबेरी पाय ४ आणि त्याला जोडलेला सेन्सर. आपल्याकडे जुलैत पाऊस धरला की लाइट जाते आणि मागोमाग नेटही. या बोर्डाला स्वतःचं घड्याळ नाही, वेळ तो नेटवरून घेतो. लाइट आली पण नेट आलं नाही, तर शेवटी जतन झालेल्या वेळेपासून तो पुढे मोजू लागतो. पाणी चढलं पहाटे चारला आणि नोंद पडली मध्यरात्रीची, असं होऊ शकतं. पुराच्या नोंदीत वेळच चुकली तर ती नोंद असून नसल्यासारखी. म्हणून अशा पेटीत बटन-सेलवर चालणारी डीएस३२३१ ही घड्याळाची चिप बसवतात. ० ते ४० अंश तापमानात ती वर्षाकाठी जेमतेम मिनिटभर पुढेमागे होते.

ही चिप आय-टू-सी नावाच्या दोन तारांवरून बोलते आणि तिचा पत्ता ठरलेला असतो : षोडशमान पद्धतीत ६८. त्या पत्त्यावर हाक मारली की ती ओ देते. पण नुसती ओच देते, नाव सांगत नाही. आणि हलणं-कलणं मोजणारी एमपीयू६०५० ही अगदी वेगळी चिपसुद्धा मूळच्या जोडणीत याच ६८ वर बसते. मग आलेली ओ घड्याळाची की कलमापकाची? आतले रजिस्टर चाचपून अंदाज बांधता येईल, पण ते धोक्याचं आहे. काही चिपांमध्ये नुसतं वाचल्यानंही आतली स्थिती बदलते. अनोळखी चिपमध्ये काहीतरी लिहून बघणं तर त्याहून वाईट.

हमरापूर-जोह्याकडच्या कारखान्यांत एकाच साच्यातले गणपती ओळीनं मांडलेले असतात. कुठला कुणाच्या घरी जायचा ते मूर्तीकडे बघून कळत नाही, पाटावरच्या चिठ्ठीवरून कळतं. कर्नलसाठी अशी चिठ्ठी बाहेरून लिहून ठेवावी लागते. तिचं नाव डिव्हाइस ट्री.

सगळ्याच सुट्या भागांना तिची गरज नसते. पीसीआय आणि यूएसबीवरची उपकरणं विचारल्यावर उत्पादकाचा आणि मॉडेलचा क्रमांक स्वतःच सांगतात. पीसीआयवर इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे. त्यांच्या १९७८च्या प्रोसेसरचं नावही तेच. प्रश्न येतो तो मुक्या चिपांचा.

डिव्हाइस ट्रीमध्ये बोर्डावरचा प्रत्येक भाग कशाला जोडलेला, कुठल्या पत्त्यावर, हे फांद्या-उपफांद्यांत लिहिलेलं असतं. प्रत्येक भागापुढे 'कंपॅटिबल' नावाची एक ओळ असते. आपल्या घड्याळापुढे तिथे लिहिलेलं असतं 'मॅक्झिम,डीएस३२३१' : आधी उत्पादक, मग मॉडेल. बोर्डाचं फर्मवेअर हे वर्णन मेमरीत ठेवतं आणि त्याची जागा कर्नलला दाखवतं. प्रत्येक ड्रायव्हरकडेही आपण कोणकोणत्या नावांची चिप सांभाळू शकतो याची यादी असते. दोन्हीकडची नावं जुळली की कर्नल त्या ड्रायव्हरचं प्रोब हे फंक्शन चालवतो. ड्रायव्हर अजून मेमरीत नसेल तर याच नावावरून शोधून आणला जातो.

या ओळीत एकाहून जास्त नावं देता येतात, नेमक्या नावाकडून मोघम नावाकडे जाणारी. पाय ४ स्वतःची ओळख आधी 'रास्पबेरीपाय,४-मॉडेल-बी' अशी देतो आणि मग त्यावरच्या मुख्य चिपची, बीसीएम२७११ची. नेमकं नाव कुणी ओळखलं नाही तर पुढच्यावर भागतं. मला ही रचना फार शहाणपणाची वाटते, पण लिहिणाऱ्यानं खरं लिहिलं तरच. डीएस३२३१ला जुन्या डीएस१३०७चं नाव दिलं तर वेळ बहुधा बरोबर दिसेल, कारण सेकंद-मिनिटांची रजिस्टरं दोन्हींत सारख्याच जागी आहेत. मात्र डीएस३२३१च्या पोटात तापमापक आहे, गजर आहे, आणि ते ड्रायव्हरच्या गावीही नसेल. असली चूक लवकर सापडत नाही, कारण वरवर सगळं चालू असतं.

आपण विकत आणून जोडलेली चिप बोर्डाच्या मूळ वर्णनात अर्थातच नसते. मेमरी कार्डावरच्या कॉन्फिग.टीएक्सटी या फाइलमध्ये आय-टू-सी चालू करून 'डीटीओव्हरले=आय२सी-आरटीसी,डीएस३२३१' एवढी ओळ घातली की मूळ वर्णनाला पुरवणी जोडली जाते. (प्रत्यक्ष टाइप करताना अर्थात रोमन अक्षरं, लहान लिपीत.) आय-टू-सी चालू केल्यावर, पण ही ओळ घालण्याआधी, आय२सीडिटेक्ट ही आज्ञा चालवा. तक्त्यात ६८ दिसेल, म्हणजे कुणीतरी आहे. ओळ घालून पुन्हा सुरू केल्यावर त्याच घरात 'यूयू' दिसेल, म्हणजे ड्रायव्हरनं चिप ताब्यात घेतली. यूयू आलं नाही तर सोल्डरिंग गन उचलण्याआधी ती ओळ अक्षर न् अक्षर तपासा. ६८च दिसत नसेल तर मात्र तारा तपासा.

ही कल्पना जुनी आहे. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीच्या संगणकांवरचं ओपन फर्मवेअर १९९४ साली आयईईई १२७५ हे मानक झालं, आणि डिव्हाइस ट्रीचं मूळ तिथलं. एआरएम चिपांच्या दुनियेत मात्र प्रत्येक बोर्डाचं वर्णन कर्नलच्याच कोडमध्ये लिहीत. बोर्ड वाढले, कोडचा ढीग वाढला, आणि मार्च २०११मध्ये लिनक्स कर्नलचा जनक लिनस टॉरवाल्ड्सनं त्यावर जाहीर संताप व्यक्त केला. त्यानंतर ही वर्णनं डिव्हाइस ट्रीमध्ये हलू लागली. डिसेंबर २०१२च्या लिनक्स ३.७मध्ये एकच कर्नल वेगवेगळ्या कंपन्यांच्या एआरएम चिपांवर चालवण्याची सोय आली. आज बहुतेक अँड्रॉइड फोनांतही असंच वर्णन असतं.

घरच्या लॅपटॉपमध्ये हेच काम एसीपीआय करतं. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ते १९९६मध्ये आणलं. तिथल्या तक्त्यांत बॅटरीचं नाव पीएनपी०सी०ए असं असतं, तर आय-टू-सीवरच्या टचपॅडचं पीएनपी०सी५०. टचपॅडवर बोट फिरवलं आणि बाण हललाच नाही, तर कधी कधी टचपॅड धडधाकट असतो आणि बायोसमधला तक्ताच चुकलेला असतो. अशा वेळी बायोस अपडेटनं काम होतं. ते आलं नसेल तर कर्नलवाले त्या मॉडेलपुरती दुरुस्ती आपल्याकडे लिहून ठेवतात, आणि अशा दुरुस्त्यांची यादी दर आवृत्तीत वाढतेच आहे.

या वर्णनात पत्त्याबरोबर आणखी एक गोष्ट लिहिलेली असते : चिपला काही सांगायचं असलं तर तिनं प्रोसेसरचं लक्ष कुठल्या तारेवरून वेधायचं. त्या इंटरप्टबद्दल पुढच्या आठवड्यात.