बिनमेंदूचा वाटसरू

जपानी भाषेत एक जुनी म्हण आहे : ‘मुंग्यांची कुमानो यात्रा’. कुमानोच्या देवस्थानांकडे जाणाऱ्या डोंगरवाटांवर एकेकाळी इतकी माणसं चालत, की लांबून बघणाऱ्याला मुंग्यांची रांगच वाटावी. त्या रांगेत शेतकरी असत, भिक्षू असत आणि चक्क राजेही असत. गो-शिराकावा नावाच्या माजी सम्राटाने तर 30 पेक्षा जास्त वेळा ही यात्रा केली. क्योतोहून जाऊन परत यायला महिनाभर लागायचा, तरीसुद्धा! ज्यांचे आजी-आजोबा दर आषाढीला वारीला जातात, त्यांना यात फारसं नवल वाटणार नाही म्हणा.

आज आपण त्याच वाटेवर जाऊ. पण तिथे मला तुमची गाठ घालून द्यायची आहे ती एका वेगळ्याच वाटसरूशी. तो मुंगीपेक्षाही हळू चालतो. त्याला पाय नाहीत, डोळे नाहीत, मेंदूसुद्धा नाही. तरी रस्ता शोधण्यात तो भल्याभल्यांना हरवतो. कोण तो? थांबा, आधी बुटांच्या नाड्या बांधा.

चला, कुमानोला

नकाशात जपानचं होन्शू बेट शोधा. ओसाका शहराच्या दक्षिणेला जमिनीचा एक जाडजूड तुकडा समुद्रात घुसलेला दिसेल. तो कीई द्वीपकल्प. याच्या डोंगरात कुमानोची तीन मोठी देवस्थानं आहेत : होंगू, हायातामा आणि नाची. तिथे जाणाऱ्या जुन्या वाटांना ‘कुमानो कोदो’ म्हणतात. 2004 साली युनेस्कोने या देवस्थानांना आणि वाटांना जागतिक वारसा ठरवलं.

जपानच्या शिंतो धर्मात देवाला ‘कामी’ म्हणतात. हे कामी डोंगरात, खडकात, जुन्या झाडात, कुठेही वस्ती करतात. नाचीला 133 मीटर उंचीचा एक धबधबा आहे. त्याच्यासमोर लाकडी कमान उभी आहे. तिला ‘तोरी’ म्हणतात. कमानीपलीकडे गाभारा असेल असं वाटतं ना? तिथे गाभारा नाही. कोसळणारा धबधबा हाच देव!

आपण निघू ताकीजिरीहून. तिथून होंगूपर्यंत साधारण 38 किलोमीटर, म्हणजे दोन दिवसांची चाल. दर 500 मीटरवर क्रमांकाचा खांब आहे, त्यामुळे ‘अजून किती राहिलं?’ असं कुणाला विचारायला नको. वाटेत ‘ओजी’ नावाची छोटी छोटी देवस्थानं लागतात. बहुतेकांजवळ पेटीत एक शिक्का ठेवलेला असतो. आपल्या वहीत आपणच तो उमटवायचा.

पाऊस, दगड आणि सुगी

छत्री घेतलीत ना? इथे पाऊस दणकून पडतो. शेजारच्या समुद्रातून उबदार पाण्याचा प्रवाह वाहतो. त्यावरची दमट हवा डोंगरावर चढते, थंड होते आणि पाणी सोडून देते. आपल्या सह्याद्रीतही असंच होतं. या भागातल्या ओवासे गावात वर्षाला जवळजवळ 4 मीटर पाऊस पडतो. तो वाहून न जाता साचून राहिला, तर घराचा तळमजला बुडेल आणि पहिल्या मजल्यावर कंबरभर पाणी येईल! (आपल्या आंबोलीने मात्र हसू नये. तिथे याहून जास्त पडतो.)

एवढ्या पावसात मातीची वाट टिकणार कशी? म्हणून ओवासेजवळच्या घाटात जुन्या लोकांनी वाटेवर मोठमोठे दगड घट्ट बसवले. पाणी दगडांवरून वाहून जातं, खालची माती जागेवर राहते.

वाटेच्या दोन्ही बाजूंना सरळसोट उंच झाडं दिसतात. त्यांचं जपानी नाव सुगी. आपल्या सुगीच्या दिवसांशी याचा काही संबंध नाही हं! हा सूचिपर्णी वृक्ष आहे. त्सुगिझाकुरा-ओजीपाशी काही प्रचंड सुगी उभ्या आहेत. एकेकीच्या बुंध्याला कवेत घ्यायला तुमच्यासारखी पाच-सहा मुलं तरी लागतील. गंमत म्हणजे त्यांच्या फांद्या एकाच दिशेला, दक्षिणेला पसरल्या आहेत. लोक म्हणतात, झाडं नाचीच्या धबधब्याला नमस्कार करताहेत.

विज्ञान काय म्हणतं? आपल्या महाराष्ट्रात वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली गायब होते. त्याला आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो. कुमानो बरंच उत्तरेला आहे. तिथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही, दुपारी तो नेहमी दक्षिणेकडे कललेला असतो. या झाडांना ऊनही दक्षिणेकडूनच मिळतं. जिकडे ऊन, तिकडे फांद्या. झाडं नमस्कार करताहेतच, पण सूर्याला!

टॉफीच्या खोक्यातला नजराणा

ही झाडं आज उभी आहेत ती एका विलक्षण माणसामुळे. मिनाकाता कुमागुसु त्यांचं नाव. जन्म 1867. नावातला ‘कुमा’ कुमानोचा आणि ‘गुसु’ म्हणजे कापराचं झाड. लंडनमध्ये राहून ते खूप शिकले. ‘नेचर’ या विज्ञानाच्या साप्ताहिकात त्यांचे 51 लेख छापून आले. मग मायदेशी परतून ते कुमानोच्या जंगलात शिरले.

1906 मध्ये सरकारने हुकूम काढला, की छोटी देवळं बंद करून मोठ्या देवळांत मिसळून टाका. देशभरातली सुमारे 70 हजार देवळं गेली. देऊळ गेलं की त्याच्या भोवतालच्या राईवरही कुऱ्हाड पडे. आपल्याकडच्या देवराया आठवा, म्हणजे किती नुकसान झालं ते कळेल. कुमागुसु खवळले. त्यांनी लेख लिहिले, पत्रं लिहिली, एका सभेत घुसून गोंधळ घातला आणि 18 दिवस कोठडीत राहिले. त्सुगिझाकुराची काही झाडं तोडली गेली होती, पण उरलेली वाचली.

या जंगलात ते एवढं शोधत तरी काय होते? तोच आपला वाटसरू! इंग्रजीत त्याला ‘स्लाइम मोल्ड’, म्हणजे चिकट बुरशी म्हणतात. नाव फसवं आहे. ती बुरशी नाही, वनस्पती नाही, प्राणीही नाही. कुजक्या ओंडक्यावर पिवळीधमक कढी सांडावी तशी ती दिसते. हा आख्खा पसारा म्हणजे एकच पेशी, कधीकधी तळहाताएवढी! ती तासाला साधारण एक सेंटिमीटर सरकते आणि जीवाणू, बुरशीचे कण असं काहीबाही गिळत जाते.

1929 साली जपानचे सम्राट त्या भागात आले. त्यांनाही जीवशास्त्राचा नाद होता. कुमागुसुंनी त्यांना अशा जिवांचे 110 नमुने भेट दिले. कशात ठेवून? सुंदर लाकडी पेटीत? छे! टॉफीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत!

मेंदू नाही, तरी वाट सापडते

2000 साली जपानी शास्त्रज्ञ तोशियुकी नाकागाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा जीव एका भूलभुलैयात पसरवला आणि दोन टोकांना ओट्सचा खाऊ ठेवला. थोड्या वेळाने फुकटच्या गल्ल्यांतून तो मागे सरला. उरली फक्त खाऊच्या दोन जागांना जोडणारी सर्वांत जवळची वाट.

मग 2010 मध्ये आणखी धमाल. तोक्योच्या आसपासच्या शहरांच्या जागी त्यांनी ओट्स ठेवले. या जिवाला उजेड आवडत नाही, म्हणून डोंगरांच्या जागी उजेड पाडला. साधारण एका दिवसात त्याने सगळे दाणे नळ्यांच्या जाळ्याने जोडले. ते जाळं तोक्योच्या खऱ्याखुऱ्या रेल्वेमार्गांशी बरंच जुळत होतं! इंजिनिअरांना त्यासाठी कितीतरी वर्षं लागली होती.

हे जमतं कसं? त्याच्या अंगातल्या नळ्यांतून रस सारखा मागेपुढे वाहतो. ज्या नळीतून जास्त रस जातो, ती जाड होते. जिच्यातून कमी जातो, ती बारीक होत होत नाहीशी होते. बस्, इतकंच.

पायवाटही अशीच घडते की! शाळेच्या मैदानातून सगळे जिथून जातात, तिथलं गवत झिजून वाट पडते. जाणं थांबलं की पुन्हा गवत उगवतं. कुमानोची वाटही लाखो पावलांनी अशीच रुळली. चालणाऱ्यांना मेंदू होता, एवढाच काय तो फरक.

या वाटसरूला भेटायला जपानलाच जायला हवं असं नाही. त्याचे भाऊबंद आपल्याकडेही आहेत. पुढच्या पावसाळ्यात एखाद्या मोठ्या माणसाला सोबत घेऊन कुजलेला ओंडका किंवा पालापाचोळ्याचा ढीग बघा. हात घालू नका, खाली विंचू असू शकतो. पिवळा किंवा पांढरा चिकट पसारा दिसला, तर शेजारी एक काडी खोचून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. तो काडीपासून सरकलेला दिसला, तर ओळखा कोण भेटलं ते!