हॉटेलातलं वायफाय 'फ्री' असतं, मग त्याचं बिल नक्की कोण भरतं?

पुण्याहून कोल्हापूरला निघालं की सातारा मागं पडतं आणि कराड यायच्या आधी उंब्रज लागतं. तारळी आणि कृष्णा नदीच्या संगमावरचं गाव. चाफळच्या राममंदिराला किंवा पालच्या खंडोबाला जायचं असेल तर हायवे सोडून इथूनच वळायचं. साहजिकच अशा ठिकाणी चहा-नाष्ट्याच्या हॉटेलापासून मुक्कामाच्या लॉजपर्यंत सगळ्याला गिऱ्हाईक असतं.

आता अशा कुठल्याही हायवेच्या हॉटेलात गाडी थांबली की काय होतं? चहा यायच्या आधी पोरं वायफायचा पासवर्ड विचारतात. मेन्यूकार्डाच्या जागी टेबलावर क्यूआर कोड चिकटवलेला असतो. बिल दिलं की गल्ल्यावरचा साउंडबॉक्स मोठ्यानं रक्कम सांगतो. आणि निघताना मालक म्हणतो, "साहेब, तेवढं मॅपवर रेटिंग टाका."

यातल्या एकाही गोष्टीचे पैसे बिलात वेगळे लावलेले नसतात. मग हा खर्च जातो कुठून?

वायफायला मोबाईल नंबर का मागतात?

वायफायचा खर्च म्हणजे फक्त इंटरनेटचं महिन्याचं भाडं, असं वाटतं. पण लॉजच्या जाड भिंतींतून एका राउटरची रेंज दोन खोल्यांपलीकडं जात नाही. मग प्रत्येक मजल्यावर वेगळं यंत्र, त्याचं वायरिंग आणि लाईट गेली तरी चालू राहावं म्हणून इन्व्हर्टर, असा खर्च वाढत जातो.

त्यात भर पडते ती ओटीपीची. यामागं एक जुनी घटना आहे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी धमकीचा ई-मेल आला होता. तपासात कळलं की तो मेल नवी मुंबईतल्या सानपाड्यात राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या वायफायवरून गेला होता. त्या वायफायला पासवर्डच नव्हता, त्यामुळं दुसऱ्याच कुणीतरी ते वापरलं. पुढच्या दोन महिन्यांत मुंबईतली आणखी काही वायफाय कनेक्शन अशीच वापरली गेली.

त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागानं नियम काढला. सार्वजनिक ठिकाणी वायफाय द्यायचं असेल तर वापरणाऱ्याची ओळख पटवायची, ओळखपत्र घेऊन किंवा मोबाईलवर कोड पाठवून, आणि ही नोंद वर्षभर जपायची. म्हणजे भिंतीवर पासवर्ड लिहून ठेवला की काम झालं, असं नसतं. नियमाप्रमाणं वायफाय द्यायचं तर लॉगिनची यंत्रणा आणि एसएमएस यांचाही खर्च येतो.

यूपीआय मात्र खरोखर स्वस्त आहे

कार्डानं पैसे घेतले की दुकानदाराला बँकेला ठरावीक टक्का द्यावा लागतो. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरचा हा टक्का १ जानेवारी २०२० पासून शून्य झाला. त्यामुळं वीस रुपयांच्या चहाचे वीसच्या वीस रुपये मालकाच्या खात्यात येतात. साउंडबॉक्सचं महिन्याचं भाडं असेल तेवढंच. हायवेच्या टपरीवरसुद्धा क्यूआर कोड दिसतो, त्याचं मोठं कारण हेच आहे.

सगळ्यात मोठा खर्च 'दिसण्याचा'

मुक्कामाच्या हॉटेलाला खरा भार पडतो तो बुकिंग ॲपच्या कमिशनचा. ॲपवरून पाहुणा आला की खोलीच्या भाड्यातला ठरलेला टक्का ॲप कंपनी कापून घेते आणि त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी लागतो.

एक साधं गणित करू. समजा, खोलीचं भाडं २,००० रुपये आहे आणि कमिशन २० टक्के ठरलंय. कमिशन झालं ४०० रुपये, त्यावर जीएसटी ७२ रुपये. एकूण ४७२ गेले. मालकाच्या हातात उरले १,५२८ रुपये. त्यातून चादरी धुवायच्या, पाणी तापवायचं, पोरांचे पगार करायचे आणि वायफायचं बिलही भरायचं.

यात २२ सप्टेंबर २०२५ पासून एक बदल झाला. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पाहुण्याला २,००० च्या खोलीमागं २४० ऐवजी १०० रुपये कर लागतो, म्हणजे १४० रुपयांचा सरळ फायदा. पण या ५ टक्क्यांसोबत इनपुट टॅक्स क्रेडिट बंद झालं. आधी कमिशनवर भरलेले ते ७२ रुपये मालकाला स्वतःच्या करातून वजा करता यायचे. आता ते त्याच्याच खिशातून जातात. सॉफ्टवेअर आणि इंटरनेटच्या बिलावरच्या जीएसटीचंही तसंच. म्हणजे खोली स्वस्त झाली, पण हॉटेलासाठी डिजिटल सेवा महाग झाल्या.

मग ॲप सोडून का देत नाहीत?

कारण पाटी वाचून थांबणारा पाहुणा कमी होत चाललाय. पूर्वी हॉटेलची जाहिरात म्हणजे रस्त्यावरचा मोठा बोर्ड. आता पाहुणा पुण्यात गाडीत बसायच्या आधीच मोबाईलवर ठरवतो, कुठं जेवायचं आणि कुठं झोपायचं.

त्यात या पट्ट्यात शेंद्रे ते कागल सहापदरीकरण सुरू आहे. उंब्रजमध्ये भराव पूल हटवून खांबांवरचा 'पारदर्शक' पूल व्हावा, ही गावकऱ्यांची मागणी आहे, कारण भरावामुळं रस्त्याच्या दोन बाजू एकमेकींना दिसत नाहीत. रस्ता जितका उंच आणि वेगवान, तितका खालचा बोर्ड दिसेनासा होतो. अशा वेळी सर्व्हिस रोडवरच्या हॉटेलाचा बोर्ड म्हणजे मोबाईलमधला नकाशा. गुगल मॅपवर हॉटेलची नोंद फुकट करता येते. पण तिथं वर दिसायचं तर रेटिंग चांगलं हवं, म्हणून मालक निघताना आठवण करून देतो.

कमिशनचा वाद बराच जुना आहे. हॉटेल संघटनेच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटींचा दंड ठोठावला. मेकमायट्रिपच्या करारात एक अट होती. हॉटेलानं दुसऱ्या ॲपवर किंवा स्वतःच्या वेबसाइटवरही कमी दर लावायचा नाही. अशा अटी काढायला आयोगानं सांगितलं. कंपन्या या आदेशाविरुद्ध अपिलात गेल्या.

पाहुणा काय देतो?

काही ठिकाणी मेन्यू उघडायच्या आधी नाव आणि मोबाईल नंबर मागितला जातो. वायफायसाठी नंबर मागायला निदान नियमाचा आधार आहे. मिसळ किती रुपयांना आहे हे बघायला नंबर कशाला? बिल करण्यासाठी ग्राहकाच्या नंबरचा आग्रह धरू नका, असं ग्राहक व्यवहार मंत्रालयानं मे २०२३ मध्ये किरकोळ विक्रेत्यांना बजावलं होतं. त्याच वर्षी वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि माहिती गोळा करणाऱ्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षानं लागू होणार आहेत. तोवर छापील मेन्यूकार्ड मागायला काहीच हरकत नाही.

आणि मुक्काम करायचा असेल तर एक सोपा उपाय आहे. ॲपवर हॉटेल शोधा, फोटो बघा, रेटिंग वाचा. मग हॉटेलला थेट फोन करून विचारा, "तुमच्याकडं डायरेक्ट घेतली तर खोली कितीला पडेल?" वरच्या गणितातले ४७२ रुपये वाचणार असतील तर मालक त्यातले शंभर-दोनशे आनंदानं सोडेल. पैसे यूपीआयनं द्या, पावती घ्या. त्या व्यवहारात वायफायचं बिल भरायलाही त्याच्याकडं चार पैसे उरतील.