‘लागणे’ : आधीचा शब्द, बदलता अर्थ

‘लागणे’ हे मराठीत सर्वांत जास्त राबणाऱ्या क्रियापदांपैकी एक. संस्कृत ‘लग्’ धातूपासून प्राकृत ‘लग्ग’मार्गे ते आले. चिकटणे, स्पर्श होणे हा त्याचा मूळ अर्थ. इंग्रजीत ‘टेक’ किंवा ‘गेट’चा अर्थ मागून येणाऱ्या ‘ऑफ’, ‘अप’ अशा छोट्या शब्दांनी पालटतो. मराठीत हे काम बहुधा क्रियापदाआधीचा शब्द आणि त्याचा प्रत्यय करतात.

मूळ अर्थाच्या जवळचे प्रयोग सोपे आहेत. विहिरीला पाणी लागते, कपाशीला बोंडे लागतात, खिचडी बुडाला लागते. धुळ्याहून महामार्गाने जळगावकडे निघाले की आधी पारोळे लागते, मग एरंडोल; गावे जागच्या जागी असतात, तरी कर्तेपण त्यांच्याकडेच जाते. काळाबाबतही तसेच. ‘उन्हाळा लागला’ म्हणजे सुरू झाला. मात्र भुसावळच्या मे महिन्यात एखाद्याला ‘ऊन लागले’ तर तो उन्हाने आजारी पडला, असा अर्थ होतो.

भूक, तहान, झोप यांत अनुभव घेणाऱ्याला ‘ला’ प्रत्यय लागतो: ‘मला भूक लागली’. अहिराणीत ‘माले भूक लागनी’. प्रत्यय ‘ले’ झाला, रचना तीच राहिली. ‘मला लागले’ एवढेच म्हटले तर इजा झाली असे समजतात.

चवीचा प्रयोग बारकाईने पाहण्याजोगा आहे. जळगावच्या भरिताच्या वांग्यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या या वांग्यांचे, हिरव्या मिरचीचे भरीत खाऊन कोणी म्हणाले, ‘मला हे तिखट लागते’, तर ती जिभेची तक्रार. ‘मला भरीत लागते’ म्हटले, तर त्याशिवाय जेवण होत नाही! फक्त एक विशेषण गळले आणि अर्थ चव सोडून गरजेकडे गेला.

सहायक क्रियापद म्हणून ‘लागणे’ सर्वांत प्रभावी ठरते. ‘शेतकरी विहीर खोल करू लागला’ यात आरंभ आहे. ‘शेतकऱ्याला विहीर खोल करावी लागली’ यात सक्ती. ‘ऊ’ की ‘आवे’, यावर सारे ठरते. सक्तीच्या रचनेत क्रियापद कर्माप्रमाणे बदलते: पेरा पुन्हा करावा लागतो, पेरणी पुन्हा करावी लागते. मराठी नव्याने शिकणारे चुकतात ते बहुधा इथेच.

काही जोड्या मात्र जशाच्या तशा शिकाव्या लागतात: हाती लागणे, मार्गी लागणे, पणाला लागणे. कुत्रे मागे लागते आणि मुलगा सायकलसाठीही मागे लागतो. ‘नाद लागणे’ कीर्तनाचाही असू शकतो. ‘नादी लागणे’ यात नापसंती आहेच.

‘लागणे’चे प्रयोजक रूप ‘लावणे’. आग ‘लागली’ यात कोणाचा हात दिसत नाही, ‘लावली’ यात दिसतो. ‘लागवड’ याच कुळातली. आंब्याचे कलम आधी लावतात. त्याने मूळ धरून पालवी फुटली, की ते ‘लागले’ असे म्हणतात.