बैलाच्या कष्टाचे नसलेले अन्न

भाद्रपद शुद्ध पंचमी ही ऋषिपंचमी. श्रीगणेशाच्या आगमनाच्या दुसऱ्याच दिवशी घरोघरच्या माता-भगिनी कश्यप, अत्री, भरद्वाज, विश्वामित्र, गौतम, जमदग्नी व वसिष्ठ या सप्तर्षींचे अरुंधतीसह पूजन करतात. व्रताच्या कथेचे निरनिराळे अर्थ लावले जातात. त्यांत न शिरता आम्ही येथे केवळ त्याच्या अन्ननियमाचा विचार करणार आहोत. ‘आज बैलाच्या कष्टाचे खायचे नाही,’ हा तो नियम.

नांगर न लावता पिकणाऱ्या धान्याला संस्कृतात ‘अकृष्टपच्य’ म्हणतात. ऋषींचे नीवार, म्हणजे आपला देवभात, हे त्यांतील प्रमुख. शाकुंतलात तपोवन ओळखू येते तेही वृक्षांखाली सांडलेल्या नीवारकणांवरून. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात उपजीविकेचे प्रकार सांगताना, शेतात गळून राहिलेले कण वेचून जगण्यास ‘ऋत’ म्हटले आहे. शेतीला ‘प्रमृत’ म्हटले, कारण फाळाखाली असंख्य जीव मरतात, असे टीकाकार सांगतात. व्यापाराला तर ‘सत्यानृत’, म्हणजे खऱ्याखोट्याची सरमिसळ, असे नाव आहे. म्हणून शेती व व्यापार त्याज्य ठरत नाहीत. पानातल्या घासामागे कोणाचे श्रम आणि कोणाची हानी आहे, याचे भान जेवणाऱ्याने ठेवावे, एवढेच त्यातून घ्यावयाचे.

श्रावण अमावास्येला, पोळ्याच्या दिवशी, आपण बैलाला पुरणपोळी भरवून त्याचे ऋण मान्य करतो. पाचच दिवसांनी येणाऱ्या ऋषिपंचमीला त्या ऋणात एक दिवस भर घालीत नाही.

कीर्तनानंतर आम्हांस श्रोते हसून विचारतात, “बुवा, आता नांगरट ट्रॅक्टरची. मग बारा महिने ऋषिपंचमीच नव्हे काय?” अक्षरार्थाने प्रश्न बिनतोड आहे. परंतु बैल शेतातून गेला म्हणून ऋण फिटले नाही. ते आता कस गेलेल्या मातीकडे, फवारणीत मरणाऱ्या मधमाशीकडे आणि उत्पादनखर्चही न सुटणाऱ्या शेतकऱ्याकडे वळले आहे. नफ्याच्या वहीत या धनकोंचे खाते नसते. व्रताच्या वहीत ते असावयास हवे.

अळू, लाल माठ, पडवळ, दोडका, सुरण, मक्याचे कणीस ही ऋषीची भाजी मुळात परसातली, हाताने खुरपलेली. तिचे बी आजी जपून ठेवी. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच बी राखण्याचे काम केले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बी राखणे हीदेखील ऋषिसेवाच, असे आम्ही मानतो.

तेव्हा सुवासिनींनो, यंदा बाजारातून भाजीचा वाटा आणाल, तेव्हा रानभाजी घेऊन बसलेल्या बाईशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका. तिला भाजीचे नाव विचारा, ती कोठे उगवते ते विचारा. जमल्यास एका कुंडीत अळूचा कंद लावा. सप्तर्षींना अर्घ्य देताना त्या मातीलाही नमस्कार घडो.